दोघांच्या गोळ्या

आमच्या गावात हातपंपावर जमणाऱ्या बायकांमध्ये जिची पिशवी अजून पोटात आहे अशी बाई शोधावी लागते. गर्भाशयाला आमच्याकडे कोणी गर्भाशय म्हणत नाही, पिशवीच म्हणतात, आणि ती काढली हे सांगताना कोणाचा आवाज खाली येत नाही. किडलेली दाढ काढली म्हणावं, तसं सांगतात. पाळीचा विषय निघाला की ह्याच बायका पदर तोंडाला लावतात, पण पिशवी काढल्याचं मात्र मोकळेपणानं बोलतात.

मी पाथर्डी तालुक्यातल्या ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, नगरच्या कॉलेजातली बी.एस्सी. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. आता नगरला लागूनच भिंगारला एका शाळेच्या कार्यालयात नोकरी करते, भाड्याच्या खोलीत राहते आणि सलग सुट्टी मिळाली की एसटीनं गाव गाठते.

काही वर्षांपूर्वी पोळ्याला अशीच गेले होते. वहिनी ओट्यावर बाजरी पाखडत होती. मी हातातली बॅग खाली ठेवायच्या आत म्हणाली, "ताई, बरं झालं आलात. माजी बी तारीख ठरली."

"कसली तारीख?"

"काढायची. नवरात्राच्या आत टाके वाळायला पायजेत. दसरा झाला की टोळी निघती."

वहिनीनं अजून तिशी गाठलेली नव्हती. दोन मुलं, दुसऱ्याच्या पाठीवर मुलं बंद करायचं ऑपरेशन झालेलं. वर्षभर तिच्या अंगावरून पांढरं जात होतं, जळजळ व्हायची, कंबर धरायची. दादानं तिला तालुक्याच्या गावातल्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. तिथं मशीन लावलं आणि सांगितलं, पिशवीला सूज आहे, ठेवली तर पुढं कॅन्सर होईल. कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर आमच्या घरात कोण काय विचारणार? तारीख घेऊनच ते घरी आले.

मी लगेच तोंड उघडलं. अगं, ती कामाची असते, मुलं झाली म्हणून तिचं काम संपत नाही, ह्या वयात काढली तर हाडं ठिसूळ होतात, सगळं सांगितलं. परीक्षेत मी ह्या सगळ्याची आकृती नावांसकट काढलेली होती. वहिनीनं सूप खाली ठेवलं.

"ताई, तुमी आफिसात पंख्याखाली बसता. तिथं नळ हाय, दार लावायचा संडास हाय. मला अंधारात फडात उतरावं लागतं. पाळी आली तर कापड बदलायला आडोसा कशाचा, तर उसाचा. आन त्यो बी आमीच तोडून टाकतो."

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. टोळी जमवून नेणारा मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. पुरुष ऊस तोडतो, बाई पाचट म्हणजे उसाचा वाळला पाला काढते, मोळ्या बांधते, मग दोघं मिळून ट्रॅक्टर भरतात. जोडीतलं एक बसलं की खाडा पडतो, म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंडही बसतो. एकाला ताप आला तर खाडा पडू नये म्हणून दुसरा दोघांचं काम उरकतो. अशा जगात दर महिन्याला येणारी पाळी ही बाईला अडचण वाटली, तर तिला अडाणी कोणत्या तोंडानं म्हणायचं?

आई चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणाली, "काढू दे की तिला. मी काढली, मोकळी झाले."

आई तेव्हा पन्नाशीचीही नव्हती. ऐन थंडीत तिच्या अंगाला घाम फुटायचा आणि ती पदरानं वारा घेत अंगणात येऊन बसायची. हंडा उचलायचा तर आधी भिंतीला हात टेकायची. विचारलं की म्हणायची, वय झालं आता. तिच्या वयाच्या माझ्या शाळेतल्या बाई स्कूटरवर येतात, हे तिला सांगून काय उपयोग होता?

मी एवढंच मागितलं की काढायच्या आधी एकदा नगरच्या सरकारी दवाखान्यात दाखवू. दादा कुरकुरला. "तिथं रांगंत उभं ऱ्हायचं, आन शेवटी तेच सांगनार." पण वहिनी म्हणाली, "जाऊ की. तेवढंच ताईंची खोली बघंन." तिला माझी खोली बघायची लई हौस होती.

दवाखान्यात डॉक्टरीण बाई होत्या, केस पांढरे व्हायला लागलेल्या, आवाज जरा चढाच. त्यांनी वहिनीला पडद्याआड नेऊन नीट तपासलं. पहिल्या दवाखान्यात तसं कोणी तपासलंच नव्हतं म्हणे, नुसतं पोटावरून मशीन फिरवलं होतं. सोनोग्राफीही करून घेतली. मग आम्हाला समोर बसवलं.

"कोण म्हणालं काढायची? पिशवी चांगली आहे. जंतुसंसर्ग झालाय, गोळ्यांनी जाईल." त्यांनी सारखीच दिसणारी दोन पाकिटं टेबलावर ठेवली. "हे तुझं, हे नवऱ्याचं. एकाच दिवशी सुरू करायच्या. संपेपर्यंत दोघांनी जवळ यायचं नाही, आणि त्यानं दारूला शिवायचं नाही. घेतो ना?"

वहिनीनं पदर तोंडावर ओढला. ती हसत होती की लाजत होती कळेना. मीच विचारलं, "मॅडम, दादाला कशाला? त्याला काही त्रास नाही."

"त्याला दिसत नाही म्हणून त्याच्यात नाही असं थोडंच आहे? ही बरी होईल आणि तो तिला परत देईल. मग तुम्ही म्हणाल, गोळ्यांचा गुण येत नाही."

परत येताना एसटी स्टँडवर आम्ही भेळ खाल्ली. वहिनी खाताना मध्येच थांबायची आणि विचारायची, "ताई, म्हंजी माजी चांगली हाय?" मी हो म्हणायची. थोड्या वेळानं पुन्हा, "चांगली हाय म्हनल्या ना त्या?" आपल्या अंगातलं काही चांगलं आहे असं तिला कधी कोणी सांगितलंच नसावं. माझी खोली बघून मात्र ती म्हणाली, "एवढीशीच व्हय? आमची फडावरची कोपी हिच्यापरीस मोठी असती." कोपी म्हणजे ऊसतोड्यांची पाचटाची झोपडी. मी म्हटलं, माझ्या खोलीला दाराला कडी आहे. जाताना तिनं ती कडी एकदा लावून बघितली.

मी खुशीत होते. पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. नवरात्र जवळ आलं आणि दादाचा फोन आला.

"झालं का समाधान तुझं? गोळ्या घिऊन तिला नुसत्या वकाऱ्या. चार दिस अन्न गेलं न्हाई पोटात. जरा बरं वाटलं न्हाई तंवर परत तसंच सुरू. मी शनवारची तारीख घेतली. आता मधी पडू नको."

मी रजा टाकली आणि दुसऱ्या दिवशी गावी गेले. दादा बाहेर गेला होता. वहिनी भाकरी थापत होती, आई उंबऱ्यात शेंगा सोलत बसलेली. वहिनीचं तोंड उतरलं होतं. मी म्हटलं, पाकिटं दाखव. तिनं फळीवरच्या डब्यामागून काढून दिली. दोन्ही रिकामी.

"दादानं घेतल्या ना?"

"घेतल्या की." भाकरी परातीत गरागरा फिरत होती.

"तुझ्यासमोर?"

"व्हय."

"मग त्याला उलट्या झाल्या नाहीत?"

भाकरी थांबली. वहिनीनं एकदा आईकडं बघितलं, मग हळू आवाजात म्हणाली, "मीच घेतल्या."

"त्याच्याही?"

"मंग काय करू? त्यांना म्हनले असते तर म्हनले असते, मला काय धाड भरलीय? मी काय बाहेर तोंड मारतो व्हय? आन दारू बंद म्हनलं की लईच. घरात नुसता कालवा. म्हनलं जाऊ दे, त्यांच्या वाट्याच्या मीच घेते. फडात त्यांना ताप आला तर त्यांच्या वाट्याचा ऊस मीच तोडते ना? तेवा कोन म्हनतं का, ह्यो ऊस त्याचा हुता म्हनून? कोयता तर एकच हाय."

मला हसू आलं आणि लगेच गेलं. त्या डॉक्टरीण बाईंनी सगळं सांगितलं होतं, पण हे त्यांच्या ध्यानात कुठून येणार? ही चूक फक्त ऊसतोड्याच्या बायकोच्याच हातून होऊ शकते. लग्न झाल्यापासून ती नवऱ्यासकट एकात मोजली गेली होती. तिनं गोळ्याही तशाच मोजल्या. डबल गोळ्यांनी तिचं पोट ढवळून निघालं, आजार दादात तसाच राहिला आणि तिच्याकडं परत आला. त्यावरून घरानं ठरवलं की तिची पिशवीच खराब.

मी तिला ते समजावून सांगत होते तेवढ्यात आईचा आवाज आला.

"काय म्हनलीस? नवऱ्यानं बी घ्यायच्या असत्यात?"

"हो आई."

"पांढरं जायाला लागलं तर?"

"तसल्या आजाराला, हो."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "मला बी पांढरंच जायाचं," ती म्हणाली. "तुझ्या बापाला कोनी गोळ्या दिल्या न्हाईत. मला बी दिल्या न्हाईत. मशीन लावलं आन म्हनले, काढा."

वडील समोर लिंबाखाली शेळीला पाला टाकत होते. त्यांना काही ऐकू गेलं नसावं. आई त्यांच्याकडं बघत राहिली. त्या बघण्यात राग नव्हता. मी म्हटलं, "आई, तुझं तेच होतं का दुसरं काही, ते आता सांगता यायचं नाही."

"न्हाईच कळायचं. ती काय ठिवलीय व्हय आता बघायला." एवढं बोलून ती शेंगा सोलू लागली, पण टरफलं टोपलीत आणि दाणे खाली पडत होते. वहिनीनं तव्यावरची भाकरी उतरवली आणि येऊन तिच्याशेजारी बसली.

दुसऱ्या दिवशी मी आणि वहिनी पहिल्या गाडीनं पुन्हा नगरला गेलो. वहिनीनं खरं काय झालं ते डॉक्टरीण बाईंना स्वतः सांगितलं. मला वाटलं, आता ओरडा बसणार. पण त्या पेन खाली ठेवून तिच्याकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे त्याच्या वाट्याच्या उलट्याही तूच केल्यास." वहिनी फिसकन हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. पुन्हा दोन पाकिटं मिळाली. शनिवार परवावर आला होता.

दादा दिवेलागणीला घरी आला. मी त्याच्यासमोर पाकीट ठेवलं आणि सगळं सांगितलं. तो आधी वहिनीकडं, मग माझ्याकडं बघायला लागला.

"मी न्हाई घेनार. मला काय रोग हाय व्हय?"

"रोग नाही म्हणत कोणी. जंतू आहेत."

"तेच ते. टोळीत कळलं तर तोंड दाखवायला जागा ऱ्हानार न्हाई. आन तू गं? शिकलीस म्हनून आता आमच्या अंथरुनात बी मास्तरकी करनार का?"

ते मला लागलं. मी शास्त्र सांगत होते आणि माझ्याच भावासमोर मान खाली जात होती. ह्या विषयावर भावाशी बोलायची आमच्यात रीतच नाही. पदवी असली तरी जीभ अडायची तिथं अडतेच.

तेवढ्यात आई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. "गीळ."

"आये, तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला न्हाई कळलं, म्हनून तर माजी गेली. गीळ म्हनते ना."

दादा हसून नेऊ बघत होता. त्यानं वहिनीकडं बघितलं, ती तरी आपली बाजू घेईल म्हणून. वहिनी चुलीपाशी उभी होती. ती नवऱ्यासमोर कधी मोठ्यानं बोलत नाही, त्या दिवशीही बोलली नाही. साध्या आवाजात म्हणाली, "शनवारी काय मी काढायला येनार न्हाई. आन तुमी गोळ्या न्हाई घेतल्या तर दसऱ्याला टोळीत बी येनार न्हाई. जावा एकट्याचा कोयता घिऊन."

एकट्याचा कोयता कोणता मुकादम घेतो? दादाला ते आमच्यापेक्षा चांगलं माहीत. त्यानं पाकीट फोडलं, गोळी तोंडात टाकली, वर पाणी ओतलं आणि तोंड वाकडं केलं.

"लई कडू हाय गं."

"मला दोघांच्या लागल्या," वहिनी म्हणाली.

पहिल्यांदा आई हसली. मग दादाच हसायला लागला. बाहेरून वडिलांनी विचारलं, "काय झालं रं?" आणि आईनं उत्तर दिलं, "काय न्हाई. तुमी जेवायला या."

शनिवार आला आणि गेला. खाजगी दवाखान्यातून फोन आला तो दादानंच घेतला. "न्हाई यायचं," एवढंच म्हणून ठेवला. गोळ्या संपेपर्यंत त्यानं दारूही घेतली नाही. रोज संध्याकाळी चावडीवर न जाता घरात बसायचा आणि सगळ्यांवर खेकसायचा, असं आई फोनवर सांगायची, आणि सांगताना तिला बरं वाटायचं. दसऱ्याआधी वहिनी पुन्हा दाखवायला आली तेव्हा पांढरं जाणं थांबलं होतं. कंबर मात्र दुखतच होती. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "ते मोळ्या उचलून. पिशवी काढली असती तरी राहिलं असतं." हे मला मुद्दाम लिहायचं आहे. आमच्या गावात किती जणींनी कंबरेसाठी म्हणून पिशवी काढली आणि कंबर तशीच घेऊन पुन्हा फडात गेल्या, त्याचा हिशेब कोणाकडंच नाही.

टोळी श्रीरामपूरच्या बाजूला गेली. थंडी पडल्यावर एका रविवारी मी त्यांना भेटायला गेले. स्टँडवरून रिक्षा, पुढं बांधावरून चालत. दुपार झाली होती. फडात दादा एकटाच ऊस तोडत होता, मध्येच कोयता खाली टाकून मोळ्याही स्वतःच बांधत होता. वहिनी कोपीत पाय पोटाशी घेऊन बसलेली. मला वाटलं, पुन्हा काही सुरू झालं.

"न्हाई हो ताई. पाळी आलीय. पहिला दिस लई दुखतं. म्हनलं, आज बसते."

मी तिच्याशी बोलत होते तेवढ्यात मुकादम मोटारसायकलवर आला. आमच्याच गावचा माणूस, वहिनी त्याला मामा म्हणते. त्यानं गाडी बंद न करताच आवाज दिला. "काय गं, आज सुट्टी काढली व्हय?"

वहिनी दारात आली. "पाळी आलीय, मामा. पोट दुखतंय."

बाजूच्या कोपीपाशी भांडी घासणाऱ्या बाईचा हात थांबला. टोळीतल्या कोणत्याही बाईनं हा शब्द मुकादमासमोर उच्चारला नसावा. त्याची नजर इकडं जाईना, तिकडं जाईना. शेवटी गाडीच्या हँडलकडं बघत म्हणाला, "खाडा पडंल बरं का."

"पडू द्या."

मोटारसायकल गेली. खाडा पडलाच. तो माफ झाला असं लिहिलं असतं तर वाचायला बरं वाटलं असतं, पण तसं झालं नाही. फडावर आडोसा नाही, पाण्याचा नळ नाही, आणि दुखण्याच्या दिवशी बसलं तर पैसे कापले जातात. जोवर हे असं आहे तोवर बायका तारखा घेत राहणार. नुसत्या माझ्या शहाणपणानं ते थांबणार नाही, एवढं मला त्या कोपीच्या दारात बसून कळत होतं.

भांडी घासणारी उठून आमच्याकडं आली. नवीन लग्न झालेली, त्याच वर्षी टोळीत आलेली. वय विचारलं की आधी सासू कुठं आहे ते बघायची, मग आकडा सांगायची. ती वहिनीच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली. मला फक्त "माज्या बी अंगावरून" एवढंच ऐकू आलं. मी पुढं सरकले. सगळं समजावून सांगायला माझी वाक्यं तयार होती. पण वहिनीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला थांबवलं आणि त्या पोरीला जवळ बसवलं.

"दवाखान्यात जा. पन एकटी जाऊ नगं," ती म्हणाली. "नवऱ्याला संगं ने. आन गोळ्या दिल्या तर त्याच्या त्यालाच गिळायला लाव. त्याच्या वाट्याच्या तू घिऊ नगं."

दादा पाणी प्यायला आला होता, त्यानं ते ऐकलं. पोरीनं लाजून तोंड फिरवलं. दादानं तांब्या खाली ठेवला आणि तिला म्हणाला, "तुझा मालक पलीकडच्या सरीला हाय. मी बोलतो त्याच्याशी." मग डोक्याला फडकं गुंडाळलं आणि उरलेल्या मोळ्या बांधायला गेला.